पंथात राहून भांडणाऱ्या बायका

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या युटा राज्यात रविवारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुठल्याही चर्चमध्ये जा. पांढरे शर्ट, गळ्यात टाय अशी बारा-तेरा वर्षांची पोरं ट्रे घेऊन बाकांपाशी येतात. ट्रेमध्ये पावाचे तुकडे, मग इवल्याशा पेल्यांतून पाणी. हे प्रभुभोजन. मुलगा ज्या वर्षी बाराचा होतो, त्या वर्षी याजकपदाची, म्हणजे धर्मविधी करण्याच्या अधिकाराची, पहिली पायरी चढतो. आई तो ट्रे बसल्या जागी शेजारणीकडे सरकवते, तेवढं चालतं. उभं राहून वाटायचा अधिकार तिला नाही. मग ती न्यायाधीश का असेना.

अशा पंथात स्त्रीवादी कुठून आल्या, असं तुम्ही म्हणाल. त्या पहिल्यापासून तिथेच आहेत. युटातल्या बायकांनी १८७० मध्येच मतदान केलं. १८७२ पासून ‘वुमन्स एक्स्पोनंट’ नावाचं वृत्तपत्र त्यांनी चार दशकं चालवलं. त्यात मताधिकाराची मागणी असे आणि पंथात तेव्हा रूढ असलेल्या बहुपत्नीत्वाची तरफदारीही. हे गणित मला आजही पुरतं सुटत नाही. १८८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बहुपत्नीत्व मोडून काढायला कायदा केला आणि त्यातच युटातल्या सगळ्या बायकांचं मत काढून घेतलं. लग्नं केली नवऱ्यांनी, मत गेलं बायकांचं! १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा ते परत आलं. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टरीणबाई राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. पडलेल्या उमेदवारांत खुद्द त्यांचे यजमान होते. या यजमानांच्या सहा बायकांपैकी बाई चौथ्या.

पुढे हे सगळं विस्मरणात गेलं. १९७०च्या दशकात बॉस्टनकडच्या काही मॉर्मन बायकांना हार्वर्डच्या ग्रंथालयात ‘वुमन्स एक्स्पोनंट’चे जुने अंक मिळाले. आपल्या पणज्या आपल्याहून धीट होत्या, हे त्यांना तिथे कळलं. १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ काढलं. म्हणजे यांचं स्त्रीवादाचं खत बाहेरून आणलेलं नव्हतं, घरच्याच परसातलं होतं.

चर्चला मात्र ते रुचलं नाही. स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीला चर्चचा विरोध होता; तिचा जाहीर प्रचार करणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना १९७९ मध्ये बहिष्कृत केलं. डिसेंबर २०१२ मध्ये काही बायकांनी ठरवून एका रविवारी पॅन्ट घालून चर्चला जायचं काढलं. पॅन्ट नको असा नियम कुठेही नाही, रिवाज फक्त स्कर्टचा. तरी केवढा गहजब झाला! पुढच्याच वर्षी केट केली या वकीलबाईंनी थेट याजकपदच मागितलं. जून २०१४ मध्ये त्याही बहिष्कृत.

काही बायका कंटाळून निघून गेल्या. बऱ्याचजणी चिवटपणे बाकावर बसून आहेत. याजकपद अजून पुरुषांकडेच आहे. बाप्तिस्म्याला अधिकृत साक्षीदार म्हणून उभं राहायची मुभा चर्चने २०१९ मध्ये बायकांना दिली. केट केलींना बाहेर काढून तोवर पाच वर्षं झाली होती.