डाग कुठे पडला?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज एका प्रथिनाबद्दल आणि ते शोधणाऱ्या अँटीबॉडीबद्दल, म्हणजे ठराविक प्रथिनाच्या ठराविक भागाला चिकटणाऱ्या रेणूबद्दल, बोलणार आहे. प्रथिनाचं नाव टीडीपी-४३. तुमच्या-माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते आहे आणि आत्ता, मी बोलत असतानाही, कामात आहे.

काम काय? जनुकावरून आरएनएची जी प्रत निघते ती तशीच्या तशी वापरता येत नाही. तिच्यातले काही तुकडे काढायचे आणि उरलेले जोडायचे असतात. दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींना हे लगेच कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला फुटी येतात. घड नसलेल्या फेलफुटी वेळेवर काढल्या नाहीत, तर वेल भलतीकडेच ताकद घालवते. टीडीपी-४३ पेशीच्या केंद्रकात बसून असंच राखण करतं. आरएनएवर यू आणि जी ही अक्षरं आलटून-पालटून येतात, त्या जागा ते धरतं आणि नको असलेले तुकडे अंतिम प्रतीत शिरू देत नाही.

आता आजाराकडे येऊ. एएलएस या चेतापेशींच्या आजाराचं नाव स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. हातातली पकड जाते, मग बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. फ्रेंच चेतातज्ज्ञ शार्को यांनी १८६९ साली याचं वर्णन केलं. या रुग्णांच्या चेतापेशींत काहीतरी गोळा होऊन बसलेलं असतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. पण ते नेमकं काय आहे, हे कळायला २००६ साल उजाडलं. फिलाडेल्फियात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजनोव्स्की यांच्या गटात मॅन्युएला नॉयमान यांनी एफटीडी या एएलएसशी नातं असलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मेंदूतला न विरघळणारा भाग उंदरांना टोचला. त्यातून ज्या अँटीबॉडी मिळाल्या, त्यांच्या मागावर जाऊन त्यांनी तो पदार्थ ओळखला. दोन्ही आजारांत तो टीडीपी-४३ निघाला. आज आपण जाणतो की एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत हे प्रथिन केंद्रक सोडून बाहेर साचलेलं असतं.

म्हणजे प्रथिन पेशीत आहे की नाही, या प्रश्नाला इथे फारसा अर्थ नाही. ते असतंच. ते कुठे आहे, हे पाहायचं. आणि ही जागा दाखवते ती अँटीबॉडी.

प्रयोगशाळेत काय चालतं ते सांगतो. मृत्यूनंतर दान मिळालेला मेंदू किंवा मज्जारज्जू फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि मायक्रोटोम या काप घेणाऱ्या यंत्रावर चार-पाच मायक्रॉन जाडीचे सेक्शन कापतात. फॉर्मालिन ऊतक टिकवतं, पण प्रथिनांना एकमेकांशी घट्ट बांधूनही टाकतं. त्यामुळे अँटीबॉडीला धरायची जागाच झाकली जाते. ती मोकळी करायला स्लाइड सायट्रेटच्या द्रावणात उकळावी लागते आणि अनेक ठिकाणी त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. मग पहिली अँटीबॉडी, तिला ओळखणारी आणि पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेली दुसरी आणि शेवटी त्या विकरामुळे रंगणारं डीएबी नावाचं रसायन. जिथे अँटीबॉडी बसली, तिथे तपकिरी रंग उमटतो. पार्श्वभूमीला हेमॅटॉक्झिलिनचा निळा.

निरोगी चेतापेशीत केंद्रक तपकिरी दिसतं. आजारी पेशीत तेच केंद्रक निळंशार, मोकळं, आणि बाहेर पेशीद्रवात दोऱ्यांच्या गुंत्यासारखा किंवा गोल गोळ्यासारखा गडद तपकिरी डाग. एकाच स्लाइडवर या दोन पेशी शेजारी शेजारी दिसतात. आपल्या विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं मला फार वाटतं.

पण तपकिरी दिसलं म्हणजे टीडीपी-४३ सापडलं, असं समजू नका. म्हाताऱ्या चेतापेशींत लिपोफस्किन नावाचं रंगद्रव्य साठतं. ते मुळातच पिवळट-तपकिरी असतं. लाल रक्तपेशींमध्ये स्वतःची पेरॉक्सिडेज क्रिया असते. हायड्रोजन पेरॉक्साइडने ती आधी थांबवली नाही, तर त्याही रंगतात. म्हणून पहिली अँटीबॉडी न लावलेली एक स्लाइड, म्हणजेच कंट्रोल, सोबत हवीच. जो डाग तिथेही दिसतो, तो मोजायचा नाही.

याहून अवघड प्रश्न अँटीबॉडी प्रथिनाचं कोणतं टोक ओळखते, हा आहे. टीडीपी-४३ ही ४१४ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्या मधल्या भागात आरएनए धरणारे दोन घटक आहेत, आणि तसेच घटक शेकडो इतर प्रथिनांतही सापडतात. त्या भागावर बेतलेली अँटीबॉडी भलत्याच भाऊबंदांना पकडू शकते. दुसरं असं की, आजारी मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, साचतात ते बहुतेक या साखळीच्या शेपटाकडचे तुकडे. साखळीच्या डोक्याकडचा भाग ओळखणारी अँटीबॉडी लावली, तर तिथला बराच साठा नजरेतून सुटतो. मज्जारज्जूत मात्र अख्खं प्रथिन साचतं, तिथे तीच अँटीबॉडी चालते.

तिसराही एक प्रकार आहे. साचलेल्या प्रथिनाच्या साखळीत ४०९ आणि ४१० या जागांवर फॉस्फेट चिकटलेला असतो. फक्त तेवढंच ओळखणारी अँटीबॉडी वापरली तर निरोगी केंद्रक अजिबात रंगत नाही आणि डाग अगदी स्वच्छ दिसतो. निदानासाठी ती उत्तम. पण केंद्रक रिकामं झालं आहे का, हे तिच्यावरून सांगता येणार नाही. माझं स्पष्ट मत आहे की, लागोपाठच्या दोन सेक्शनवर ही आणि केंद्रकातलं प्रथिनही ओळखणारी साधी अँटीबॉडी, अशा दोन्ही लावाव्यात. त्यासाठी येणारा खर्च हा वायफळ खर्च नाही.

अँटीबॉडीची कुपी आली आणि तिच्यावर नाव लिहिलेलं आहे, एवढ्यावर विश्वास ठेवणारे लोक जगभर आहेत. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधल्या गटाने २०२३ साली ६५ प्रथिनांवरच्या बाजारातल्या ६१४ अँटीबॉडी तपासून पाहिल्या. आपलं प्रथिन ओळखतच नाहीत, अशा बऱ्याच निघाल्या आणि त्या वापरून छापलेले शोधनिबंधही होते. त्यांची पद्धत सोपी होती: ज्या पेशीतून ते प्रथिन काढून टाकलं आहे, त्या पेशीतही अँटीबॉडी काही दाखवते का? टीडीपी-४३ पूर्ण काढलं तर पेशी सहसा तगत नाही. त्यामुळे इथे प्रथिनाचं प्रमाण कमी करून, रंगही तेवढाच फिका होतो का, हे बघावं लागतं.

एका श्रोत्याने विचारलं की, हे सगळं माणूस गेल्यावर कळून काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. एएलएसचे सगळे रुग्ण एकसारखे नसतात. ज्यांच्यात एसओडी१ जनुकाचा दोष आहे, त्यांच्यात टीडीपी-४३ साचत नाही. त्यांच्यासाठी टोफरसेन या औषधाला २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हा फरक आधी दान मिळालेल्या ऊतकांवरच ठळक झाला. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदू-ऊतकांचं भांडार आहे. आपल्याकडे देहदानाची चळवळ आहे, पण मेंदूदानाबद्दल घरात अजून बोललं जात नाही.

आणि जिवंतपणीचं म्हणाल, तर राखणदार केंद्रक सोडून गेला की फेलफुटी राहतात, हे आठवा. त्या चुकीच्या तुकड्यांपासून चुकीची प्रथिनं बनतात. एचडीजीएफएल२ नावाच्या प्रथिनात शिरलेला असा एक तुकडा ओळखणारी अँटीबॉडी तयार झाली आहे. २०२४ साली ती पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यावर वापरली. काही जनुकदोष असलेल्या माणसांत लक्षणं दिसण्याआधीच हा तुकडा सापडला. अजून ती रोजच्या तपासणीत आलेली नाही. ती आली, की तिच्याही बाबतीत मी पहिल्यांदा हेच विचारणार, की तिचा कंट्रोल दाखवा.