मंगळावरचं पाणी खातं

(दृश्य : धारावीतून जाणारे तानसाचे जाडजूड पाइप)

तानसा-भातसाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून मुंबईत येतं आणि एकदा वापरलं की समुद्राला मिळतं. मंगळावर असा एकेरी कारभार परवडणारा नाही. तिथे घाम, श्वासातली वाफ आणि लघवी, सगळं गाळून पुन्हा प्यायचं.

याचा अनुभव आपल्याला आहे तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा. तिथे लघवीत आधी आम्ल मिसळतात, मग फिरत्या ड्रममध्ये कमी दाबाखाली तिची वाफ करतात. ड्रम फिरवायचा, कारण वजनरहित अवस्थेत पाणी तळाला बसतच नाही.

२००९ साली हे यंत्र तुंबलं. अंतराळात हाडं झिजतात आणि त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. मिसळलेलं आम्ल होतं सल्फ्युरिक. दोन्ही मिळून कॅल्शियम सल्फेटचा, म्हणजे जिप्समचा साका धरला! पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरलं, तेव्हा त्रास आटोक्यात आला. माणसाची हाडं यंत्र बंद पाडतात, हे जमिनीवरच्या चाचणीत कळणं अवघडच.

(दृश्य : स्थानकातली पाणी शुद्ध करणारी यंत्रणा)

ड्रममध्ये उरलेल्या खारट गाळातूनही पाणी काढायला लागल्यावर, २०२३ मध्ये, एकूण ९८ टक्के पाणी परत मिळू लागलं. आधी ते ९३-९४ टक्के होतं. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडा. चार माणसं, सगळ्यांना मिळून दिवसाला १६ लिटर. मंगळाकडे यान पाठवायची सोयीची वेळ २६ महिन्यांनी येते. तेवढ्या काळात ९८ टक्क्यांना तूट अडीचशे लिटरची. ९४ टक्क्यांना साडेसातशेच्या वर.

हवेचं काम अजून बाल्यावस्थेत आहे. नासाच्या मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडमधून १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे तो साडेतीन तासांत संपेल.

यंत्र बिघडलं तर? स्थानकावर सुटा भाग पुढच्या मालवाहू यानाने येतो. मंगळावर निरोप पोचायलाच ३ ते २२ मिनिटं, भाग तर दूरच. म्हणून पाण्याच्या आणि हवेच्या यंत्रांत पंप, व्हॉल्व्ह, सील शक्य तिथे एकाच मापाचे ठेवायला हवेत. अडलं तर एकाचा काढून दुसऱ्याला बसवता येतो.