गोड चालतं, साखर नाही

काट्यावर दीडशे ग्रॅम पांढरी पूड. दिसते पिठीसाखरेसारखी, पण हे निव्वळ ग्लुकोज आहे. डब्यावरच्या घटकांत 'डेक्स्ट्रोज' (ग्लुकोजचंच दुसरं नाव) हा एकच शब्द हवा. पेयासाठी मिळणाऱ्या काही ग्लुकोज पुड्यांत साखरही मिसळलेली असते. त्या बाजूला ठेवायच्या.

ज्याच्यासाठी हा केक होतोय, त्याला जन्मजात फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, सोसत नाही. नेहमीची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. आणि यकृतात फ्रुक्टोजचं विघटन करणारं अल्डोलेज-बी हे विकर त्याच्याकडे कमी पडतं. पथ्य मोडलं तर उलट्या होतात, रक्तातलं ग्लुकोज झपाट्याने उतरतं, यकृताला इजा होते.

आता लोणी. १२० ग्रॅम, मऊ पण वितळलेलं नाही. त्यात ग्लुकोज घालून फेटताना साखरेइतकं हलकं होत नाही, कारण ते कमी विरघळतं. म्हणून जास्त वेळ फेटायचं. मग ३ अंडी, एकेक करून. २०० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, शेवटी दूध. दूध चालतं, त्यातल्या लॅक्टोजमध्ये फ्रुक्टोज नसतं.

गोडी साखरेच्या पाऊणपटच लागेल. ती भरून काढायला ग्लुकोज वाढवू नका, केक चिकट आणि जड होतो.

ओव्हनच्या काचेतून पाहा: वरचा पापुद्रा किती लवकर तांबूस झाला! अंड्या-दुधातल्या प्रथिनांशी ग्लुकोजची थेट क्रिया होते, साखरेची तशी होत नाही. १८० अंशांवर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. म्हणून १६०, आणि वेळ थोडा जास्त.

हे पाकीट मुद्दाम जवळून दाखवतोय. 'शुगर-फ्री' ठळक अक्षरांत, खाली बारीक टायपात 'सॉर्बिटॉल'. शरीरात त्याचं फ्रुक्टोजच होतं. मध, फळांचा रस, इन्व्हर्ट सिरप (साखर फोडून केलेला ग्लुकोज-फ्रुक्टोजचा पाक) या नावांनाही तोच नियम. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा अशीच वाचायची.

भाज्यांतही फ्रुक्टोज असतं. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर बरीच निघून जाते. फ्रिजमधला बटाटा नको. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. रोजचं प्रमाण मात्र आहारतज्ज्ञच ठरवतील.

केक पूर्ण गार झाला. वरून भुरभुरायलाही ग्लुकोजच, अगदी वाढताना. आधी टाकलं तर ओलावा ओढून घेतं. जिभेवर ते किंचित थंड लागतं.