तिकीट जपून ठेवणारी बाई

‘दुसरी संधी’ या विषयावर बोला असं मला सांगितलं, तेव्हा मी अडखळले. छळ सोसणाऱ्या बाईच्या कानावर हे शब्द पुन्हापुन्हा पडतात, पण ते नवऱ्यासाठी. त्याला अजून एक संधी दे, सुधारेल. दुसरी, पाचवी, विसावी. आज मी तिच्या वाट्याच्या संधीबद्दल बोलणार आहे. त्यात माझीही आलीच. अकरा वर्षांच्या संसारातून मी बाहेर पडले आणि सहा वर्षांनी पुन्हा प्रेमात पडले.

सहसा कुणी बोलत नाही ते आधी सांगते. हा दुसरा माणूस मला सुरुवातीला मिळमिळीत वाटायचा. शब्द पाळायचा, वेळेवर यायचा, आवाज चढवायचा नाही. माझं मन म्हणायचं, यात प्रेम कुठे आहे?

उत्तर नंतर वाचनातून सापडलं. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये छळाचं एक चक्र मांडलं. ताण साचत जातो, स्फोट होतो, मग माफी, रडणं, लाड. आणि पुन्हा ताण. प्रत्येक घरात ते असंच फिरतं असं नाही. माझ्याकडे पुढे पुढे माफीचा टप्पा गळूनच गेला. पण पहिली काही वर्षं अगदी हेच होतं. डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये त्यातली गाठ उलगडून दाखवली. मारणाराच मधूनमधून माया करतो, तेव्हा बंध सैल होत नाही, उलट घट्ट होतो. आपल्याकडे ‘जीव भांड्यात पडला’ म्हणतात ना, त्या सुटकेलाच मी प्रेम समजत होते. नव्या माणसाबरोबर जीव टांगणीला लागतच नव्हता, मग भांड्यात पडणार कसा?

म्हणून अशा बाईला नवं नातं बेचव वाटलं, तर ‘तुला चांगलं कळतच नाही’ असं तिला म्हणू नका. तिच्या शरीराला शांततेची ओळख व्हायला वेळ लागतो.

माझ्या शरीराला किती वेळ लागला ते सांगते. एका संध्याकाळी बस उशिरा मिळाली. त्याच्याकडे पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. जिना चढताना मी मनात उत्तरं घोकत होते, कुठे होते, कुणाबरोबर होते. त्यानं दार उघडलं, “आलीस? दमलीस का?” एवढंच विचारलं, आणि मी मूठ पुढे केली. मुठीत बसचं तिकीट होतं, घामानं ओलं झालेलं. वेळ छापलेला भाग वर येईल अशी घडी घातली होती. जुन्या घरात पुरावा लागायचा. तो त्या तिकिटाकडे बघत राहिला. हसला नाही, जवळ ओढून घेतलं नाही, ‘मी तसा नाही’ असंही म्हणाला नाही. म्हणाला, “मला हे नको. तुला हवं असेल तर ठेव.” मी ठेवलं. पुढे कित्येक महिने ठेवत राहिले, आणि त्यानं तो विषय काढला नाही.

अमेरिकेत डुलुथ शहरात, मार खाल्लेल्या बायकांच्याच अनुभवांवरून १९८४ मध्ये एक चाक रेखाटलं गेलं. मधोमध सत्ता आणि नियंत्रण. आऱ्यांवर धमक्या, एकटं पाडणं, पैसे हातात न देणं, मुलांना वेठीला धरणं. सगळ्याला बाहेरून बांधणारी धाव म्हणजे मारहाण. हे चाक पुष्कळांना माहीत असतं. त्यालाच जोडून दुसरं चाक आहे, ते फार कमी दाखवलं जातं. त्याच्या मधोमध समानता आहे. आरे म्हणजे विश्वास, चूक कबूल करणं, पैशाचे निर्णय मिळून घेणं, न घाबरता बोलता येणं. पुन्हा प्रेमात पडू पाहणाऱ्या बाईच्या हाती हे दुसरं चाक द्यायला हवं. धोका कसा ओळखायचा हे ती एव्हाना शिकलेली असते. चांगलं कसं दिसतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

मी स्वतः एकच परीक्षा घेतली. लहानसहान गोष्टींना ‘नाही’ म्हणून बघितलं. आज भेटायचं नाही. फोनचा पासवर्ड सांगणार नाही. एवढ्यात तुझ्या घरच्यांना भेटणार नाही. ‘नाही’ ऐकल्यावर पुढच्या दोन दिवसांत माणूस कसा वागतो, तिथं कळतं. रुसून अबोला धरला, ‘एवढं करूनही विश्वास नाही?’ म्हणाला, की थांबावं. घाई करणाऱ्याचंही तेच. एकमेकांशिवाय जगूच शकत नाही, असं पंधरा दिवसांत म्हणणाऱ्याला मी तरी दारात उभं करणार नाही. आणि ज्या अजून त्या घरातच आहेत, किंवा नुकत्याच निघाल्यात, त्यांच्यासाठी: बाहेर पडण्याच्या आसपासचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. तेव्हा आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाची माणसं, प्रेम नंतर.

आमचं जुळलं तेव्हा लोक त्याचं कौतुक करायचे. किती मोठं मन, हिला सावरलंस. ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. जगात साधारण तीनातल्या एका बाईनं आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. आणि त्यातली एखादी पुन्हा प्रेम करते, तर उपकार तिच्यावर झाले म्हणायचे! एकदा माझ्यासमोरच कुणीतरी असं बोललं. तो म्हणाला, “मी कुणाला सावरलं नाही. दार तिनं स्वतः उघडलं होतं. मी फार नंतर आलो.”

तेव्हा मी त्याला लग्नासाठी होकार दिलेला नव्हता. तो आठ महिन्यांनी दिला.