बुटांचा हंगाम कशावर ठरतो

श्रोतेहो, येत्या हिवाळ्यात स्त्रियांचे कोणते बूट चालणार, हे हिवाळा सुरू होण्याच्या निदान वर्षभर आधी ठरू लागलेले असते. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे कपडे व बूट मांडले जातात, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण त्याच्याही आधीची एक पायरी फारशी चर्चेत येत नाही. मिलानमध्ये ‘लिनेआपेले’ नावाचे चामड्याचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे कातडी कमावणारे कारखानदार फेब्रुवारीत जे चामडे दाखवतात, ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठीचे असते. रंग, चकाकी, जाडी, पोत यांचा निर्णय तिथे होतो आणि मग त्या चामड्यातून काय शिवता येईल, याचा विचार रचनाकार करतात. ज्या गोष्टीला आपण हंगामाचा कल म्हणतो, तिचा बराचसा भाग असा हवामानाशी कसलाही संबंध न येता ठरून गेलेला असतो.

म्हणूनच हंगामाचे नाव आणि हंगामातली हवा यांची फारकत झालेली वारंवार दिसते. सेलीन या पॅरिसच्या फॅशनगृहाने 2013 सालच्या उन्हाळी संग्रहात आतून फर लावलेल्या सँडल मांडल्या होत्या. फर आणि सँडल, तीही उन्हाळ्यात! अनेकांनी त्या वेळी नाके मुरडली, पण पुढची काही वर्षे फर लावलेल्या स्लिपर सगळीकडे दिसू लागल्या. याच्या उलट, मिउ मिउ या इटालियन फॅशनगृहाने मार्च 2022 मध्ये दाखवलेल्या हिवाळी संग्रहात पातळ तळाचे, साटिनचे बॅले बूट होते. थंडीत किंवा पावसात ज्यांचा उपयोग जवळपास शून्य, असे हे बूट हिवाळ्याच्या नावाने आले आणि त्यांच्यामुळे सपाट बॅले बुटांची लाट परत आली. मग हे कल हवामानावरून ठरत नसतील, तर कशावरून ठरतात?

माझे मत असे आहे की, स्त्रियांच्या बुटांची फॅशन सर्वांत आधी ठरते ती कपड्याची खालची कड आणि पाऊल यांच्यामधल्या अंतरावरून. कड जिथे थांबते तिथून जमिनीपर्यंत जी जागा उरते, ती कशी भरायची किंवा कशी उघडी ठेवायची, हा बुटाच्या रचनाकारापुढचा खरा प्रश्न असतो. रंग, बक्कल, फीत, मणी हे सगळे त्या प्रश्नानंतरचे. गेल्या पावणेदोनशे वर्षांतले बदल या नजरेने पाहिले की, एरवी लहरी वाटणाऱ्या गोष्टींची संगती लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात क्रिनोलीनचा, म्हणजे सांगाड्यावर फुगवलेल्या घेरदार झग्याचा, काळ आला. असा झगा चालताना घंटेसारखा हलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला घोटा क्षणभर उघडा पडतो. त्या काळी घोटा दिसणे अशिष्ट समजले जाई. त्यामुळे नाजूक सपाट चपलांची जागा घोटा झाकणाऱ्या बुटांनी घेतली. त्यांतलाच एक प्रकार आजही प्रत्येक हिवाळ्यात नव्याने विकला जातो. राणी व्हिक्टोरियाचा बूट शिवणारा जे. स्पार्क्स-हॉल याने बाजूला लवचीक पट्टी असलेला, बटणे किंवा नाडी न लावता पायात चढणारा बूट तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले. रबराला गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती त्याच सुमारास हाती आली. ती नसती तर ही पट्टी काही दिवसांतच सैल पडून लोंबली असती. पुढे याच बुटाला चेल्सी बूट म्हणू लागले.

1920 च्या दशकात स्कर्टची कड गुडघ्याजवळ आली आणि पाय पहिल्यांदाच भर रस्त्यात उघडपणे दिसू लागला. आता घोटा झाकण्याचे कारणच उरले नाही. उलट पाऊल आणि पोटरी यांची रेघ अखंड दिसावी, असे वाटू लागले. त्यातून पायाच्या वरच्या भागावरून आडवी किंवा टी अक्षराच्या आकाराची पट्टी जाणारे, मध्यम हीलचे बूट आले. पट्टी शोभेची दिसत असली, तरी तिचे काम वेगळे होते. त्या काळच्या वेगवान नाचांमध्ये बूट पायातून निसटू नये म्हणून ती हवी होती. 1947 मध्ये पॅरिसचा रचनाकार क्रिस्तियाँ दिओर याने कड पुन्हा खाली, पोटरीपर्यंत आणली. घेरदार स्कर्टखाली आता फक्त घोटा आणि पाऊल दिसत होते, आणि त्या एवढ्याशा दिसणाऱ्या भागाला जड बूट शोभेना. 1950 च्या दशकात रोजे व्हिव्हिए आणि साल्वातोरे फेरागामो यांच्यासारख्या कारागिरांनी सुईसारखी बारीक हील पुढे आणली. लाकडाची इतकी बारीक हील मोडून जाते, म्हणून तिच्या आत पोलादाचा दांडा घालावा लागला.

1964 साली फ्रेंच रचनाकार आंद्रे कूरेझने गुडघ्याच्या वर गेलेल्या कपड्यांबरोबर पांढरे, जवळपास सपाट तळाचे बूट दाखवले. कड वर गेल्यामुळे उघड्या पायाची जी मोठी लांबी उरली, ती या बुटांनी खालून भरायला घेतली. त्यानंतर स्कर्ट जसजसा आखूड झाला, तसतसा बूट उंच होत गुडघ्यापर्यंत आणि काही वेळा मांडीपर्यंत गेला. 1967 मध्ये ब्रिटिश रचनाकार मेरी क्वांटने साच्यात ओतलेल्या रंगीत प्लॅस्टिकचे अँकल बूट बाजारात आणले. मग 1970 च्या दशकात पायघोळ, खाली रुंद होणाऱ्या पँटी आल्या. त्यांची कड जमिनीवर घासू नये, म्हणून बुटाचा तळच जाड करावा लागला. तीच गोष्ट अलीकडेही घडली. 2000 नंतरच्या दशकात पायाला घट्ट चिकटणारी जीन्स आली, ती बुटाच्या आत सहज जात असे, आणि गुडघ्यापर्यंतच्या बुटांना चलती आली. 2020 नंतर पँटी पुन्हा सैल आणि लांब झाल्या. उंच बुटाची नळी त्यांच्याखाली दिसेनाशी झाली आणि नजर बुटाच्या टोकावर व तळाच्या जाडीवर गेली. टोकदार बूट आणि जाड सोल एकाच वेळी का चालू लागले, याचे उत्तर मला त्या सैल पँटीत दिसते.

कडेच्या बरोबरीने दुसरी शक्ती आहे ती टंचाईची, आणि तिच्याकडे फॅशनच्या लेखनात पुरेसे लक्ष दिले जात नाही. इटलीने 1935 मध्ये इथिओपियावर आक्रमण केले, त्यानंतर तिच्यावर आर्थिक निर्बंध आले. उंच हीलच्या बुटात तळव्याच्या कमानीखाली पोलादाची पट्टी असते. तिच्याशिवाय बूट मधून वाकतो. इटलीत काम करणाऱ्या फेरागामोला ते चांगले पोलाद मिळेना. त्याने कमानीखालची पोकळीच बुचाने, म्हणजे कॉर्कने, भरून काढली आणि टाचेपासून चवड्यापर्यंत सलग तळाचा ‘वेज’ बूट जन्माला आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बुटांचे रेशनिंग झाले, पण नाचाच्या चपला त्यातून वगळल्या होत्या. क्लेअर मॅकार्डेल या रचनाकार स्त्रीने नृत्यसाहित्य बनवणाऱ्या कपेझिओकडून बॅलेच्या चपलांना रस्त्यावर चालण्याजोगा तळ लावून घेतला आणि त्या आपल्या कपड्यांबरोबर मांडल्या. ज्या सपाट बॅले बुटांविषयी मी मघाशी बोललो, ते बाहेरच्या वापरात आले त्यात या टंचाईचा वाटा मोठा आहे. 1956 मध्ये नाचाच्या चपला बनवणाऱ्या रोज रेपेत्तोने फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी बनवलेल्या जोडाने त्यांना वलय दिले, पण वाट आधीच पडली होती.

आता कारखान्यात काय घडते ते जवळून पाहू, कारण हंगामी कल किती खोल असतो हे तिथेच कळते. प्रत्येक बूट एका साच्यावर, म्हणजे लास्टवर, ओढून शिवला जातो. लास्ट हे पावलाचे हुबेहूब रूप नसते. चवडा किती रुंद, बोटांवर जागा किती, टाचेला पकड किती, पुढचे टोक जमिनीपासून किती उचललेले, हे सगळे त्यात ठरलेले असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हीलची उंचीही त्यात गृहीत धरलेली असते. एका उंचीसाठी घडवलेल्या लास्टवरच्या बुटाला दुसऱ्या उंचीची हील लावली, तर टोक हवेत राहते किंवा सगळा भार चवड्यावर येतो. म्हणजे टोकाचा आकार किंवा हीलची उंची बदलायची असेल, तर नवे लास्ट हवे, आणि तेही प्रत्येक मापासाठी, डाव्या-उजव्या पायाच्या जोड्यांसह. युरोपीय मापात दोन आकड्यांमधला फरक दोन तृतीयांश सेंटिमीटरचा असतो. 35 पासून 42 पर्यंत मापे घेतली, तरी आठ मापांचे संच लागतात, आणि उत्पादन मोठे असेल तर प्रत्येक मापाच्या अनेक जोड्या.

हा खर्च दर सहा महिन्यांनी कोण करणार? म्हणून बहुतेक हंगामांत लास्ट तेच राहते. बदलते ते चामडे, रंग, पट्टी, बक्कल, शिवण. खरा बदल, म्हणजे टोकदार टोक जाऊन चौकोनी येणे किंवा बारीक हील जाऊन ठोकळ्यासारखी येणे, हा काही वर्षांनी एकदा येतो आणि आला की बराच काळ टिकतो. नव्या हंगामाचे बूट पाहताना रंग आणि सजावट मनाने बाजूला काढावी आणि आकार बदलला आहे का, एवढेच पाहावे. बहुधा तो बदललेला नसतो. मला याचे महत्त्व एवढ्यासाठी वाटते की, स्त्रियांना पावलाच्या मापापेक्षा अरुंद लास्टवरचे बूट वर्षानुवर्षे विकले गेले आहेत, आणि दर हंगामाच्या नव्या रंगामुळे ही गोष्ट नजरेआड राहते. चवड्याला जिथे जागाच नाही, तिथे कोणत्याही रंगाने ती होत नाही.

उंच बुटांत अडचण आणखी एक असते, ती पोटरीची. बुटाच्या नळीचा घेर साधारणपणे पावलाच्या मापाबरोबर वाढवला जातो, पण एकाच मापाची पावले असलेल्या दोन स्त्रियांच्या पोटऱ्यांत कितीतरी फरक असतो. त्यामुळे पावलाला बरोबर बसलेला बूट पोटरीवर मिटत नाही किंवा घोट्याशी चुण्या पाडून खाली सरकतो. नळीच्या मागच्या बाजूस लवचीक पट्टी घालणे हा उपाय साधा आहे, आणि काही कारखाने एकाच मापात दोन-तीन घेर देतात. ज्या हिवाळ्यात उंच बूट चलतीत असतात, त्या हिवाळ्यात तरी ही सोय सर्रास मिळायला हवी.

हवामानाचा विचार मात्र आपला आपण करावा लागतो, कारण हंगामाचे नाव तो करत नाही. उन्हात आणि संध्याकाळी पावले थोडी सुजतात, म्हणून उन्हाळी सँडलची पट्टी घट्ट-सैल करता येणारी हवी आणि ती दिवस कलल्यावर घालून पाहावी. थंडीत पीव्हीसीचा सोल कडक होतो आणि ओल्या फरशीवर घसरतो. चांगले रबर थंडीतही बऱ्यापैकी मऊ राहते आणि पकड धरते. रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तिथे चामड्यावर पांढरे डाग पडतात. ते ओल्या फडक्याने लगेच पुसले नाहीत, तर चामडे कोरडे पडून तडकते. स्वेड, म्हणजे मखमली पोताचे चामडे, दिसायला थंडीचे वाटते, पण पाण्यापासून सर्वांत जास्त जपावे लागते ते त्यालाच.

फॅशन परत येते म्हणून अनेक जणी जुने बूट कपाटात जपून ठेवतात. त्यांच्यासाठी तळाकडे पाहणे आवश्यक आहे. पॉलियुरेथेनचा हलका, फेसासारखा सोल हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो. तो न वापरता बंद खोक्यात ठेवला, तरी काही वर्षांनी पहिल्याच चालण्यात भुगा होऊन निखळतो. दमट हवेत हे लवकर घडते. रबराचा तळ वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीवर, शिवलेला असेल, तर झिजल्यावर उसवून नवा लावता येतो आणि वरचे चामडे तेच राहते. तेव्हा पुढच्या फेरीसाठी जो बूट ठेवायचा असेल, त्याचा तळ कशाचा आहे आणि तो शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.