जायरोप्लेनच्या पात्यातला पीळ

मंडळी, हेलिकॉप्टरच्या पात्यावर मुळाकडून टोकाकडे नजर टाकली की पीळ लगेच दिसतो. टोकाची पुढची कड मुळापेक्षा साधारण ८ ते १२ अंशांनी खाली झुकलेली असते. जायरोप्लेनचं पातं मात्र बहुधा सरळसोट असतं. सरळ पातं बनवायला सोपं, हे खरंच. पण मुख्य कारण हवेच्या दिशेत आहे. हेलिकॉप्टरात इंजिन रोटर, म्हणजे वरच्या पात्यांचं चक्र, फिरवतं आणि हवा वरून खाली ढकलली जाते. जायरोत उडताना रोटरला इंजिन जोडलेलंच नसतं. फिरत्या पात्यांची तबकडी मागे कललेली असते, आणि खालून वर जाणारी हवाच तिला फिरवते.

आकडे घेऊ. रोटरचा व्यास ८.४ मीटर, फेरे मिनिटाला ३५०, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला १५४ मीटर. तबकडीतून वर जाणारी हवा सेकंदाला ३ मीटर धरू. ही हवा टोकाला १.१ अंशाने वर येताना दिसेल, अर्ध्या त्रिज्येवर २.२ अंशांनी आणि ३० टक्क्यांवर ३.७ अंशांनी. पात्याच्या एखाद्या तुकड्याने रोटरला पुढे ओढायचं, तर त्याची लिफ्ट (उचल) ड्रॅगच्या (हवेच्या अडथळ्याच्या) किती पट हवी? टोकाला ५१ पट, मध्यावर २६ पट, ३० टक्क्यांवर १५ पट. किडे-धूळ चिकटलेल्या खऱ्या पात्याला टोकाशी ५१ जमत नाही. म्हणून टोक ब्रेक लावतं आणि मधला पट्टा रोटर फिरवतो.

आता ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने पुढे चला. मागे जाणाऱ्या पात्याला ३० टक्के त्रिज्येवर ४६ ऐवजी जेमतेम १६ मीटरचा वारा मिळतो. तिथे हवा १०.५ अंशांनी वर येते. पिच, म्हणजे पातं बसवलेला कोन, २.५ अंश असेल तर एकूण कोन १३ अंश, म्हणजे स्टॉलचा (हवा पात्यावरून सुटून लिफ्ट कोसळण्याचा) उंबरठा. शिवाय पातं खाली येत असतं, त्याने कोन आणखी वाढतो. इथे ८ अंश पिळाचं हेलिकॉप्टरचं पातं ७५ टक्के त्रिज्येवर २.५ अंश धरून बसवलं, तर ३० टक्क्यांवर पिच ६.१ अंश होतो. एकूण १६.६ अंश, स्टॉल पक्का. रोटर फिरवणारा पट्टा आतून आक्रसतो.

मग उलटा पीळ द्यावा का, मूळ खाली आणि टोक वर? तत्त्वतः बरोबर, पवनचक्कीचं गणितही हेच सांगतं. ३ अंश उलटा पीळ दिला तर ३० टक्क्यांवर पिच १.१५ आणि टोकाला ३.२५ होतो. आतला भाग स्टॉलमधून सुटतो, पण तिथला वेग टोकाच्या ३० टक्के, म्हणजे बल सुमारे ९ टक्केच. टोकाचा ड्रॅग मात्र पूर्ण वेगाने वाढतो. एवढ्याशा फायद्यासाठी साचा बदलणं मला पटत नाही.

मुद्दाम न दिलेला, आपोआप येणारा पीळ जास्त महाग पडतो. १९३०च्या दशकातल्या सिएर्व्हा सी-३० या जायरोच्या पात्यांचा छेद बाकदार होता. असा छेद वेग वाढला की नाक खाली करून पात्याला पिळतो. पुढे जाणाऱ्या बाजूला वारा जास्त, म्हणून तिथे पीळही जास्त. तिथली लिफ्ट घटते, त्याचा परिणाम पाव फेऱ्याने पुढे दिसतो, तबकडी पुढे झुकते आणि विमान नाक खाली घालू लागतं. या प्रत्येक फेऱ्यात बदलणाऱ्या पिळाचं विश्लेषण अमेरिकेच्या नाका (NACA) या विमानसंशोधन संस्थेत व्हीटली यांनी १९३७ साली मांडलं. आजच्या जायरोंवर दिसणाऱ्या ८-एच-१२ सारख्या छेदांची मागची कड वर उचललेली असते, ती यासाठीच. पात्याचा गुरुत्वमध्यही पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ टक्क्यांवर किंवा त्याच्या पुढे हवा. तो मागे सरकला की फडफड सुरू होण्याचा धोका. नाकातलं वजन त्यासाठी असतं.

दुसरा नको असलेला पीळ घडणीतला. पातं दोन आधारांवर न दबता ठेवा, छेदाला बसणारा साचा वर ठेवा आणि दर अर्ध्या मीटरवर ०.१ अंश दाखवणाऱ्या कोनमापकाने मोजा. दोन्ही पात्यांचे आकडे शेजारी लिहा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर मुळाशी पिच बदलून तो जातो. फरक टोकाकडे वाढत गेला असेल, तर मुळाशी कितीही फिरवा, पीळ जात नाही: एका वेगाला दोन्ही टोकं एका रेषेत येतात, वेग किंवा भार बदलला की फाटतात आणि वैमानिकाच्या हातातला दांडा फेऱ्यागणिक हलू लागतो. असं पातं हाताने पिळून सरळ करू नका. चिकटवलेल्या धातूच्या पात्याचा सांधा उघडतो, आणि तो बाहेरून दिसेलच असं नाही. पातं जोडीने बदला.