शेवटच्या माणसाची चाल

श्रोते हो, नमस्कार.

साताऱ्यात पहाटे साडेपाचला पायांत बूट घालून निघालेल्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असे कोणी विचारत नाही. तो अजिंक्यताऱ्यावर निघाला आहे, हे समोरच्याला ठाऊकच असते. शहराच्या उशाशी उभा असलेला हा गड आमचे रोजचे अंगण आहे. १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब त्याच्या पायथ्याशी येऊन बसला आणि गड हाती लागायला त्याला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडावा लागला. त्याच गडाच्या दरवाजाशी आज निवृत्त शिक्षक, एसटीचे जुने चालक, बँकेतल्या बाई आणि मंडईतले भाजीवाले धाप टाकत क्षणभर टेकतात, आत शिरल्यावर मारुतीला हात जोडतात आणि मंगळाईच्या देवळाकडे वळतात. अशा भेटीगाठींतूनच आमचा तीस-पस्तीस जणांचा चालणाऱ्यांचा गट तयार झाला. त्याची नोंदणी कुठे नाही आणि अध्यक्षही कोणी नाही. एक वही मात्र आहे, तीत वर्गणीचा आणि सहलींचा हिशेब असतो. आज मी बोलणार आहे तो या सहलींविषयी आणि त्यांनी आम्हांला लावलेल्या सवयींविषयी.

आमची पहिली मोठी सहल सप्टेंबरात कास पठारावर झाली आणि तिच्यात आमच्या हातून एक चूक घडली. कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे; पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत त्याचा समावेश आहे. आम्ही जुन्या राजमार्गाने कुमुदिनी तळ्याकडे चालत निघालो होतो. गप्पा रंगल्या, पुढच्यांची पावले झपाझप पडू लागली आणि दहा मिनिटांत धुके इतके दाटले की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेना. तळ्याशी पोहोचल्यावर मोजणी केली, तर आमच्या एक काकू नव्हत्या. हाका मारत माघारी आलो, तेव्हा जवळजवळ पाऊण तासाने त्या वाटेच्या कडेला एका कातळावर बसलेल्या सापडल्या. सीतेची आसवे ही बोटाच्या पेराएवढी निळीजांभळी फुले पाहण्यासाठी त्या वाकल्या होत्या आणि उठून पाहतात तो पुढे कोणीच नव्हते. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, ‘मला भीती नाही वाटली. पण इतक्या जणांतलं कोणीच मागे वळून पाहिलं नाही, याचं वाईट वाटलं.’

त्या वाक्याने आम्ही सगळेच खजील झालो. त्याच दिवशी परतीच्या एसटीत ठरले की यापुढे चाल ठरवायची ती सर्वांत हळू चालणाऱ्याने. तो रांगेत दुसरा चालेल, म्हणजे त्याला गाठण्यासाठी कोणाला थांबावे लागणार नाही आणि त्यालाही कोणामागे धावावे लागणार नाही. सर्वांत मागे पाठराखण करणारा एक जण असेल. त्याच्या आणि पहिल्याच्या गळ्यात शिट्टी असेल. या नियमाने आमच्या सहली लांबल्या हे खरे, पण त्या भरल्याही. पुढच्या वर्षी त्याच पठारावर त्याच वाटेने हळूहळू जाताना, कातळावरच्या उथळ पाण्यात उभा असलेला वायतुरा आम्हांला प्रथमच दिसला. दोन फाट्यांचा त्याचा तुरा पाहून एका सरांनी सांगितले की या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच आपल्या साताऱ्याचे नाव आहे. आदल्या वर्षीही तो तिथेच उभा असणार. आम्हीच तिथून घाईने निघून गेलो होतो.

आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा आम्ही लोणंद ते तरडगाव एवढी मजल तिच्याबरोबर करतो आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण पाहतो. पताका, वीणा, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असे सारे आपापल्या जागी असूनही दिंडीतला म्हातारा मागे पडत नाही. समूहाने चालण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

पण मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती लिंबची सहल. महामार्गावर लिंब फाट्याला उतरून शेतांच्या कडेने चालत गेले की बारा मोटांची विहीर लागते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती आमराईच्या पाण्यासाठी बांधून घेतली. सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल अशी ही अष्टकोनी विहीर, तिच्यात उतरणारा रुंद जिना आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला छोटा महाल पाहताना माणूस थक्क होतो. तिथे आमच्यातले कोरेगावकडचे एक अण्णा उभे राहिले. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर मोट हाकलेली. चामड्याची मोट पाण्यात बुडली की तिची सोंड सोंदुराने, म्हणजे बारीक दोराने, कशी वर धरलेली असते, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली उतरत जाणाऱ्या वाटेवरून, उतरू लागले की जाड नाडा कसा ताणला जातो, मोट थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, रिकामी झाली की पाणी पाटाला कसे लागते, हे त्यांनी विहिरीच्या काठावर हातवारे करून समजावले. मग, बैल पाठमोरे धाव कशी चढतात हे दाखवण्यासाठी, आपल्या ऐंशीच्या घरातल्या पायांनी ते स्वतः चार पावले मागे मागे चालत गेले. आमच्याबरोबर आलेली नातवंडे डोळे विस्फारून पाहत होती. माहितीच्या फलकावर विहिरीचे माप मिळते. पण ती चार पावले दाखवणारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून अशा सहलींना मुलांना आवर्जून न्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

चालता चालताच आमच्या अंगावर काही कामे आली. फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत प्रत्येक जण गडावर चढताना पाण्याची एक बाटली स्वतःसाठी आणि एक रोपांसाठी नेतो. करंज, बहावा, आपटा, पिंपळ अशी रोपे प्रत्येकाने वाटून घेतली आहेत. रोप लावताना फोटोला गर्दी होते. चैत्रातल्या उन्हात त्याला पाणी घालायला रोज कोणीतरी यावे लागते, आणि ते रोजचे चालणाऱ्यालाच जमते. वणव्याचे कामही असेच. गवत वाळले की डोंगरउतार पेटवून देण्याची वाईट सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. जळल्यावर गवत चांगले येते, हा समज त्यामागे असतो. पण त्या आगीत कोवळी रोपे, गवताचे बी आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी होरपळतात. म्हणून थंडी सरता सरता वन विभागाच्या माणसांना विचारून, त्यांच्याबरोबर आम्ही जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला जातो. श्रोत्यांपैकी कोणाला डोंगरावर धूर दिसला, तर कृपा करून तो कोणीतरी विझवील असे समजून पुढे जाऊ नका. ताबडतोब वन विभागाला कळवा.

कासच्या धुक्यात मागे राहिलेल्या त्या काकूंच्या गुडघ्यांची गेल्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या घरी डबा पोहोचवण्याच्या पाळ्या लागल्या, भिशीची बैठक त्यांच्याच ओसरीवर होऊ लागली आणि कोजागरीचे दूध गडावर न आटवता त्यांच्या गच्चीवर आटवले. तिथून चांदण्यात पूर्ण अजिंक्यतारा दिसतो. काठी घेऊन त्या कठड्याशी उभ्या होत्या आणि आपल्या करंजाला कोण पाणी घालते, याची चौकशी करत होत्या.

यंदाच्या सप्टेंबरात त्या कासला येणार आहेत. कुमुदिनी तळ्यापर्यंत चालू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तेव्हा राजमार्गावर जिथे त्यांचे पाय थांबतील, तिथेच सर्वांनी डबे उघडायचे, असे वहीत लिहून ठेवले आहे.

नमस्कार.